विश्लेषण : बारा संघांचे पाणी प्यायलेला हॉकीपटू… आइस हॉकीत ‘जर्नीमन’ कोणाला म्हणतात?

जुलै २००३ मधील एका दिवसाची ही गोष्ट. दिवस उजाडला तेव्हा माइक सिलिंजर हा आइस हॉकीपटू कोलंबस ब्लू जॅकेट्स संघाचा होता. त्याच दिवशी त्याला डॅलस स्टार्सकडे सोपवण्यात आले आणि डॅलसने त्याला लगेच फिनिक्स कायोटीजकडे धाडले. कोलंबसला हवा होता डॅलसचा बचावपटू डॅरिल सिडॉर, तर डॅलसला हवा होता फिनिक्सचा बचावपटू टेप्पो नुमिनेन. दोन्ही व्यवहारांत मोबदल्याच्या पारड्यात टाकला गेला तो सिलिंजर. डॅलससाठी तो एकही सामना खेळला नाही. म्हणून त्याच्या नावापुढे १२ संघ लागतात. एरवी ते १३ झाले असते. नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएलमध्ये सर्वाधिक संघांकडून खेळण्याचा विक्रम याच १२ संघांमुळे त्याच्या नावावर आहे. असा विक्रम करणारा खेळाडू अपयशी म्हणायचा की यशस्वी?

‘जर्नीमन’ म्हणजे कोण?

या शब्दाचा प्रवासाशी संबंध असावा असे ऐकताना वाटते, पण तसा तो नाही. मुळात फ्रेंच भाषेतील ‘दिवसभराचे काम’ या अर्थाच्या शब्दावरून तो इंग्रजीत आला. मध्ययुगीन युरोपात सुतार, गवंडी, चर्मकार अशा कारागिरांच्या संघटना असत. उमेदवारी संपवून काम शिकलेला, पण स्वत:ची पेढी थाटून उस्ताद न झालेला कारागीर रोजाच्या मजुरीवर काम करी. तो जर्नीमन. म्हणजे हाताला कसब आहे, पण दुकानावर पाटी दुसऱ्याची. खेळात हा शब्द आला तो याच अर्थाने. नवखा नाही, तारांकितही नाही, जिथे काम मिळेल तिथे जाऊन ते नीट करणारा व्यावसायिक खेळाडू. आपल्याकडे बारा गावचे पाणी प्यायलेला माणूस म्हणतात, त्यात जसा थोडा आदर आणि थोडा संशय असतो, तसाच तो याही शब्दात आहे. क्रिकेटमध्ये आयपीएलचे नऊ संघ फिरलेला ऑस्ट्रेलियाचा ॲरन फिंच हे आपल्या ओळखीचे उदाहरण. मात्र फिंच स्वत:च्या देशाचा कर्णधार होता आणि आयपीएल दोन महिन्यांची असते. एनएचएलचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, एका संघाचे ८२ सामने आणि त्यानंतर प्लेऑफ म्हणजे बाद फेरी. तिथे संघ बदलणे म्हणजे राहते घर बदलणे.

सुरुवात तर दिमाखात झाली होती?

होय, आणि सिलिंजरच्या कारकीर्दीची खरी मेख तिथेच आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताची राजधानी रजायना येथे १९७१ मध्ये त्याचा जन्म झाला. गव्हाची शेती आणि हाडे गोठवणारा हिवाळा यांचा हा प्रदेश. सिलिंजर गावच्याच रजायना पॅट्स या कुमार संघाकडून खेळला आणि त्याने गोलांचा पाऊस पाडला. १९८९ च्या ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, डेट्रॉइट रेड विंग्ज संघाने त्याला पहिल्याच फेरीत ११ व्या क्रमांकावर घेतले.

डेट्रॉइटची त्या वर्षीची निवड आजही एनएचएलच्या इतिहासातील सर्वोत्तम निवडींत गणली जाते. पण ती सिलिंजरमुळे नव्हे. त्याच दिवशी डेट्रॉइटने तिसऱ्या फेरीत ५३ व्या क्रमांकावर स्वीडनचा निकलास लिडस्ट्रॉम, चौथ्या फेरीत ७४ व्या क्रमांकावर सोव्हिएत संघाचा सर्गेई फेदोरोव आणि पार २२१ व्या क्रमांकावर व्लादिमिर कॉन्स्टान्टिनोव यांना घेतले. लिडस्ट्रॉम २० हंगाम खेळला, सारेच्या सारे डेट्रॉइटसाठी, आणि चार वेळा स्टॅन्ली चषक जिंकला. फेदोरोव लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्याच्यावर पहिली पसंती खर्च केली, त्याला मात्र डेट्रॉइटमध्ये जागाच उरली नाही. सिलिंजर खेळायचा मध्यभागी, म्हणजे ‘सेंटर’ या जागी. आणि डेट्रॉइटच्या मध्यभागी कर्णधार स्टीव्ह आयझरमन आणि फेदोरोव असे दोन दिग्गज ठाण मांडून होते. सिलिंजरची पहिली वर्षे एनएचएल आणि तिच्याखालची अमेरिकन हॉकी लीग यांच्यात ये-जा करण्यात गेली.

एप्रिल १९९५ मध्ये डेट्रॉइटने त्याला सहकारी जेसन यॉर्कसह अनाहाइमला देऊन टाकले. बदल्यात मार्क फर्नर, ड्राफ्टमधील सहाव्या फेरीची एक निवड आणि स्टू ग्रिमसन आला. ग्रिमसन हा प्रतिस्पर्ध्यांशी हाणामारी करण्यासाठीच प्रसिद्ध असलेला धिप्पाड गडी. सहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या पसंतीच्या खेळाडूचे बाजारमूल्य आता हे होते. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, डेट्रॉइटने स्टॅन्ली चषक जिंकला. १९९८ मध्ये पुन्हा जिंकला.

खेळाडूला न विचारता विकता येते?

‘विकणे’ हा शब्द नेमका नाही. युरोपीय फुटबॉलप्रमाणे इथे एक क्लब दुसऱ्याला पैसे मोजून खेळाडू घेत नाही. इथे असतो ‘ट्रेड’, म्हणजे अदलाबदल. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, किंवा भविष्यातील ड्राफ्टमधील निवडीचा हक्क. खेळाडूचा करार संघाशी असतो आणि तो करार जसाच्या तसा दुसऱ्या संघाकडे जातो. पगार तोच, मुदत तीच, फक्त शहर दुसरे. आयपीएलमध्ये अशा अदलाबदलीसाठी खेळाडूची संमती लागते. एनएचएलमध्ये ती लागत नाही, करारात तसे संरक्षण देणारे कलम असेल तरच लागते. असे कलम नवख्याला मिळत नाही. सध्याच्या नियमांनुसार ढोबळमानाने २७ वर्षे वय किंवा सात हंगाम झाल्यावरच ते मागता येते, आणि मिळते ते ज्याच्यासाठी संघ अडून बसतात त्यालाच.

या नियमातून कोणी सुटत नाही. खुद्द वेन ग्रेट्स्की याला १९८८ मध्ये एडमंटनने लॉस एंजेलिसला दिले, तेव्हा सरकारने हा व्यवहार रोखावा अशी मागणी कॅनडाच्या एका खासदाराने केली होती. फरक इतकाच, की ग्रेट्स्कीसाठी देश हळहळला. सिलिंजरच्या व्यवहारांची बातमी क्रीडापानाच्या तळाशी दोन ओळींत आटोपायची.

त्या दोन ओळींत काय असायचे ते पाहण्यासारखे आहे. १९९६ मध्ये तो अनाहाइमहून व्हँकूव्हरला गेला तो रोमन ओक्सिउटाच्या बदल्यात. १९९८ मध्ये फिलाडेल्फियाला गेला तो ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतील एका निवडीच्या बदल्यात, म्हणजे अजून नावही माहीत नसलेल्या एखाद्या पोराच्या बदल्यात. त्याच वर्षी डिसेंबरात टॅम्पा बे, २००० मध्ये फ्लोरिडा. २००१ मध्ये फ्लोरिडाने त्याला ओटावाला दिले, त्याचा मोबदला कागदोपत्री होता ‘भविष्यातील विचारविनिमय’. मराठीत सांगायचे तर ‘पुढचे पुढे बघू’. जवळपास दहा वर्षे या लीगमध्ये घालवलेल्या माणसाच्या बदल्यात संघाला हाती काहीच मिळाले नाही आणि तरीही व्यवहार झाला. पुढे २००४ मध्ये फिनिक्सहून सेंट लुइस, २००६ मध्ये सेंट लुइसहून नॅशव्हिल. ड्राफ्टमधून डेट्रॉइट आणि स्वत: करार करून कोलंबस व न्यूयॉर्क आयलँडर्स असे तीन संघ सोडले, तर उरलेल्या नऊही संघांत तो गेला तो असाच, दुसऱ्याच्या निर्णयाने.

मार्च महिना का धोक्याचा?

एनएचएलमध्ये हंगामाच्या उत्तरार्धात एक तारीख ठरलेली असते. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत अशा अदलाबदलीचा उपयोग उरत नाही. बाद फेरीची आशा असलेले संघ शेवटच्या क्षणी अनुभवी हात शोधतात, आशा संपलेले संघ आपल्याकडचे असे हात मोकळे करून भविष्याची बेगमी करतात. कॅनडात वाहिन्या त्या दिवशी सकाळपासून थेट प्रक्षेपण करतात, एखाद्या निवडणुकीच्या मतमोजणीसारखे. सिलिंजरचे व्हँकूव्हर, फ्लोरिडा, ओटावा आणि सेंट लुइस हे चारही बदल मार्चमधले, त्यातले तिघे तर महिन्याच्या मध्यावरचे. बाद फेरीसाठी लागणारा जास्तीचा खेळाडू अशी त्याची ओळखच झाली होती.

तरीही त्याच्या वाट्याला काय आले? डेट्रॉइट सोडल्यावर तो व्हँकूव्हर, फिलाडेल्फिया, फ्लोरिडा, ओटावा, सेंट लुइस, नॅशव्हिल आणि आयलँडर्स अशा सात संघांत असताना त्या संघांनी बाद फेरी गाठली. सातही वेळा तो संघ पहिल्याच प्रतिस्पर्ध्याकडून हरून बाहेर पडला. उलट त्याने सोडल्यावर टॅम्पा बेने २००४ मध्ये आणि अनाहाइमने २००७ मध्ये चषक जिंकला. याला नशीब म्हणावे तर म्हणता येईल. पण भटक्या खेळाडूला घ्यायला बहुधा तेच संघ येतात, ज्यांच्यात काहीतरी कमी असते. परिपूर्ण संघाला मार्चमध्ये भोके बुजवावी लागत नाहीत.

मग त्याला मागणी का होती?

कारण हॉकीत अशी काही कामे असतात, जी टाळ्या मिळवत नाहीत पण सामने वाचवतात. खेळ थांबला की तो पुन्हा सुरू होतो ‘फेसऑफ’ने. दोन सेंटर समोरासमोर वाकून उभे राहतात, पंच दोघांमध्ये पक, म्हणजे ती रबरी चकती टाकतो आणि ज्याची काठी जलद त्याच्या संघाकडे खेळाचा ताबा जातो. एका सामन्यात हे कित्येक वेळा घडते. शेवटचे मिनिट, एका गोलाची आघाडी, फेसऑफ आपल्याच गोलपाशी, अशा वेळी प्रशिक्षक कोणाला बर्फावर पाठवतो, त्यावर त्या खेळाडूची किंमत ठरते. सिलिंजर या कामात तरबेज होता.

दुसरे काम शिक्षेच्या वेळचे. खेळाडूने नियम मोडला की त्याला बहुधा दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि त्याचा संघ पाचाऐवजी चार जणांनी खेळतो. ती दोन मिनिटे निभावून नेण्यासाठी वेगळे खेळाडू लागतात. पकसमोर अंग झोकून देणारे, प्रतिस्पर्ध्याच्या पासची दिशा आधी ओळखणारे, दमले तरी जागा न सोडणारे. रजायनात गोलांचा पाऊस पाडणाऱ्या मुलाने एनएचएलमध्ये टिकण्यासाठी हे दुसरे काम शिकून घेतले. पहिल्या फेरीतून निवडले गेलेले अनेक जण हा बदल पचवू शकत नाहीत. ‘मी गोल करणारा खेळाडू आहे’ या स्वप्रतिमेला धरून राहतात आणि तिशीच्या आत हद्दपार होतात.

तिसरे कारण त्याच्या हातातले नव्हते. १९८९ मध्ये एनएचएलमध्ये २१ संघ होते, २००० पर्यंत ते ३० झाले. ओटावा, टॅम्पा बे, फ्लोरिडा, अनाहाइम, नॅशव्हिल आणि कोलंबस हे सगळे १९९२ ते २००० या काळात जन्मलेले संघ. म्हणजे सिलिंजरच्या १२ संघांपैकी निम्मे त्याची निवड झाली तेव्हा अस्तित्वातच नव्हते. नव्या संघाकडे तरुण पोरे असतात, पण सामना कसा सांभाळायचा हे ठाऊक असलेले थोडे. लीग वाढत गेली तशी या कारागिरांना मागणी वाढत गेली. सिलिंजर जुन्या २१ संघांच्या काळातच अडकला असता, तर कदाचित खालच्या लीगमध्ये विरून गेला असता.

गंमत म्हणजे त्याचा सर्वोत्तम हंगाम वयाच्या चौतिशीत आला. २००५-०६ मध्ये त्याने ३२ गोल केले आणि त्यातही मध्येच, जानेवारीत, सेंट लुइसने त्याला नॅशव्हिलला पाठवून दिले. त्या उन्हाळ्यात आयलँडर्सने ३५ वर्षांच्या सिलिंजरला तीन वर्षांचा करार दिला. २००७-०८ च्या हंगामात त्याने आयलँडर्सकडून एनएचएलमधील एक हजारावा सामना खेळला. हजार सामने खेळणाऱ्याला या लीगमध्ये चांदीची हॉकी स्टिक देण्याची प्रथा आहे. पुढे नितंबाच्या सांध्याच्या दुखण्याने आणि शस्त्रक्रियांनी त्याला बसवले आणि २००९ मध्ये तो निवृत्त झाला. हिशेब असा : १७ हंगाम, १,०४९ सामने, २४० गोल, ३०८ गोलसाहाय्ये. आणि कोणत्याही एका संघाकडून २०० सामने नाहीत.

घरच्यांचे काय?

व्यवहार ठरला की संघाच्या व्यवस्थापकाचा फोन येतो. बहुतेकदा दुसऱ्या दिवशी, कधी त्याच रात्री नव्या शहरात हजर व्हावे लागते. लीगमध्ये कॅनडाचे आणि अमेरिकेचे असे दोन्हीकडचे संघ असल्याने सीमा ओलांडायची तर कामाच्या परवान्याचा घोळ वेगळा. सामान हलवण्याचा खर्च संघ देतो, पण मुलांची शाळा, भाडेकरार, डॉक्टर, शेजार हे काही खोक्यांत भरता येत नाही. त्यामुळे हंगामाच्या मध्यावर बदली झाली की खेळाडू हॉटेलात आणि कुटुंब जुन्या शहरात, शाळा सुटेपर्यंत, अशी विभागणी सर्रास होते. बँकेत किंवा सरकारी नोकरीत दर तीन वर्षांनी बदली झेललेल्या घरांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. फक्त तिथे बदलीचा आदेश आधी कळतो.

ड्रेसिंग रूममध्येही दर वेळी नव्याने सुरुवात. नव्या माणसाला कोपऱ्यातली जागा, नवा क्रमांक, प्रशिक्षकाच्या नव्या संज्ञा. आणि काल ज्यांच्याविरुद्ध खेळलो त्यांच्याशीच आज गप्पा. जे टिकतात त्यांचा स्वभावही कामी येतो. कटकट्या माणसाला बारा दारे उघडत नाहीत.

आजही असे खेळाडू घडतात का?

घडतात, पण करारांचे गणित बदलले आहे. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला. त्यानंतर आली ‘सॅलरी कॅप’, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावर कडक मर्यादा. २००५-०६ मध्ये ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे. मर्यादेतला मोठा वाटा दोन-चार तारे घेऊन जातात. उरलेल्या पैशांत चौथी फळी भरायची तर संघ किमान वेतनावरचे खेळाडू शोधतो. २०२५-२६ मध्ये एनएचएलचे किमान वेतन ७ लाख ७५ हजार डॉलर आहे. ही रक्कम मोठी वाटते, पण ती मिळते फक्त एनएचएलमध्ये असेपर्यंत. अनेकांचे करार ‘दुहेरी’ असतात, वरच्या लीगमध्ये असताना एक पगार आणि खालच्या लीगमध्ये पाठवले की त्याच्या कितीतरी कमी. खाली पाठवण्याआधी अनुभवी खेळाडूला ‘वेव्हर्स’वर टाकावे लागते. त्या २४ तासांत इतर कोणताही संघ त्याला उचलू शकतो. उचलले तर पुन्हा नवे शहर, नाही उचलले तर तो कोणालाच नको आहे हे साऱ्या लीगला कळते. यातले अधिक अपमानकारक काय, हे ठरवणे अवघड आहे. काहींच्या हाती तर करारही नसतो. सराव शिबिरात नुसते ‘करून दाखवा’ म्हणून बोलावले जाते.

या व्यवस्थेतही ली स्टेम्पनियाक आणि डॉमिनिक मूर यांनी प्रत्येकी १० संघांकडून खेळण्यापर्यंत मजल मारली. हार्वर्डमध्ये शिकलेल्या मूरने पत्नीच्या कर्करोगाच्या काळात खेळ सोडला, तिच्या निधनानंतर तो परतला आणि २०१४ मध्ये चिकाटीसाठी दिला जाणारा मास्टरटन करंडक त्याला मिळाला. सिलिंजरचा १२ चा आकडा मात्र अजून कोणाला ओलांडता आलेला नाही.

कोलंबसची गोष्ट तिथेच संपली?

नाही. जुलै २००३ मध्ये कोलंबसने सिलिंजरला पाठवले, तेव्हा त्याचा धाकटा मुलगा कोल दोन महिन्यांचा होता. १६ मे २००३ रोजी त्याचा जन्म झाला तो कोलंबस शहरातच, वडील तिथे खेळत होते म्हणून. जुलै २०२१ मध्ये एनएचएलच्या ड्राफ्टच्या दिवशी कोलंबसने आपला नावाजलेला बचावपटू सेथ जोन्स शिकागोला दिला. मोबदल्यात जे मिळाले त्यात शिकागोचा पहिल्या फेरीतील १२ व्या क्रमांकाचा हक्क होता. तो वापरून कोलंबसने कोल सिलिंजरची निवड केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या १८ व्या वर्षी, कोल जन्मगावच्या संघाकडून एनएचएलमध्ये उतरला.